जंगलातले, घरातले आणि शेजारच्या आजोबांचा मिठू

रानजाई | शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. जरा लांबेल, पण पूर्ण वाचा. मला खरंच सल्ला हवाय.

या दिवाळीत गावाला जाणं झालं नाही, म्हणून लेकाला (वय ७, दुसरीत) 'ओपन सीझन' या ॲनिमेशन सिनेमाचा पहिला भाग लावून दिला. तो इतका आवडला की दुसऱ्या दिवशी दुसरा भाग. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिल्या भागात (२००६) बूग नावाचं ग्रिझली अस्वल आहे. बेथ नावाच्या वनरक्षक बाईनं त्याला पिल्लू असल्यापासून आपल्या गॅरेजमध्ये वाढवलंय. शिकाऱ्यानं गाडीवर बांधून आणलेल्या एलियट नावाच्या हरणाला बूग सोडवतो. पुढे गावात अशी धांदल उडते की दोघांनाही शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर जंगलात सोडून दिलं जातं. शेवटी बेथ न्यायला येते आणि बूग जात नाही, जंगलातच राहतो.

दुसऱ्या भागात (२००८) एलियटचं जिझेलशी लग्न ठरलंय. पहिल्या भागात वीनी नावाचा लांबोडका डॅशहंड कुत्रा मालकांना सोडून जंगलवाल्यांत सामील झालेला असतो. लग्नाच्या गडबडीत तो खाऊच्या तुकड्यांचा माग काढत जातो आणि जुन्या मालकांच्या हाती लागतो. मग एलियट, बूग, जिझेल, खार, साळिंदर, बदकं असं अख्खं वऱ्हाड त्याला सोडवायला निघतं. समोर फिफी नावाचा पूडल आणि त्याची पाळीव प्राण्यांची टोळी. फिफीला जंगली प्राण्यांचा मनापासून राग. लेक हसून हसून लोळत होता.

आता मुद्द्यावर येते. आमच्या शेजारी (नाशकात गंगापूर रोडलाच राहतो आम्ही) एक आजोबा एकटे राहतात. त्यांच्याकडे आठ वर्षांपासून पिंजऱ्यात राघू आहे, मिठू. आजी असताना त्यांनी आणलेला. गुरुवारी दुपारी आजोबा आत झोपलेले होते. आमच्या आणि त्यांच्या गॅलरीत फक्त एक कठडा आहे. चिरंजीव तो ओलांडून गेले आणि पिंजऱ्याचं दार उघडून आले.

मी कपडे काढायला बाहेर आले तेव्हा तो कठड्याला हनुवटी टेकवून उभा होता. मिठू दाराच्या तारेवर बसला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. समोरच्या गुलमोहरावर आठ-दहा जंगली राघू किरकिरत होते. हा त्यांच्याकडे मान वाकडी करून बघायचा, एक पाय पुढे टाकायचा, परत मागे घ्यायचा. पाच-सात मिनिटं तसाच. शेवटी वळून आत गेला आणि दांडीवर बसला. दार उघडंच.

लेक रडवेला होऊन म्हणाला, "आई, तो गेला का नाही? वीनी तर मालकांना सोडून जंगलात राहतो ना."

मी दार लावून आले आणि आजोबांना संध्याकाळी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसते गप्प झाले. तेच मला जास्त लागलं. लेकाला काय उत्तर देऊ? आणि हेही खरं सांगते, त्या पाच मिनिटांत मलाही वाटत होतं की त्यानं उडून जावं.

सिडकोकर | शनिवार, रात्री १०:५५

ताई, आधी सिनेमाबद्दल. दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही असं माझं स्पष्ट मत. अमेरिकेत तो थिएटरला न येता थेट डीव्हीडीवर आला होता. आवाजही बदललेत. पहिल्यात बूगला मार्टिन लॉरेन्स आणि एलियटला ॲश्टन कुचर होते, दुसऱ्यात माइक एप्स आणि जोएल मॅकहेल. ज्यानं दोन्ही इंग्रजीत ऐकलेत त्याला फरक लगेच कळतो. मात्र ती चिडकी खार दोन्हीकडे धमाल. स्कॉटिश हेल काढून बोलते. तिचं मराठी करायचं झालं तर मी तिला बागलाणची अहिराणी देईन. आपलं झाड राखायला उठलेला माणूस त्याच भाषेत शोभतो.

राघूचं म्हणाल तर एवढं मनावर घेऊ नका. आठ वर्षं घरात राहिलेला पक्षी आहे, त्याचं घर तेच. पोरगं लहान आहे, विसरेल.

दारणाकाठ | शनिवार, रात्री ११:३०

ताई, तुमच्या मुलानं जे विचारलं ते आमच्याकडं दरवर्षी ऊसतोडीला विचारायची वेळ येते.

आमचं शेत दारणा नदीच्या काठाला. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की एखाद्या फडात बिबट्याची पिल्लं सापडतातच. आमच्याकडं जुनी माणसं बिबट्याला वाघच म्हणतात. उसात तो का राहतो, तर दाट आडोसा, पाटाला पाणी, महिनोन्महिने आत माणूस शिरत नाही, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या. मादीला बाळंतपणाला याहून निवांत जागा कुठली? कित्येक बिबटे उसातच जन्मले, त्यांनी डोंगर पाहिलेलाच नाही. त्यांना जंगली म्हणायचं का गावातले, मला अजून ठरवता आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या बांधावर दोन पिल्लं निघाली. डोळे नुकते उघडलेले, मांजराएवढी. तोडणीवाल्यांची पोरं त्यांना मांडीवर घेऊन बसली होती, एकीनं बाटलीत दूधही आणलं होतं. माझ्या चुलत्यानं सगळ्यांना लांब केलं आणि वनखात्याला फोन लावला. ते लोक आले, पिल्लं तपासली, आणि संध्याकाळी टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवून क्रेट जिथं पिल्लं सापडली त्याच जागी मांडला. बाजूला कॅमेरा लावला. आम्हाला सांगितलं, कुणी फिरकायचं नाही, बॅटरी मारायची नाही.

सकाळी कॅमेऱ्यात पाहिलं. रात्री साडेनवाच्या सुमारास मादी आली. आधी लांब बसून राहिली, मग पंजानं क्रेट आडवा केला, एकाला मानेला धरून उचललं आणि गेली. चाळीस मिनिटांनी परत आली आणि दुसरं नेलं.

तुमच्या मुलाला हे सांगा. त्या पोरांची माया खरी होती, पण पिल्लं तशीच वस्तीवर वाढली असती तर त्यांना शिकार कुणी शिकवली असती? मग जन्मभर पिंजरा. बूग अस्वल गॅरेजमध्ये वाढून जंगलात रमलं ते सिनेमात. खऱ्या अस्वलाला तसं जमेल याची खात्री कुणी देणार नाही. म्हणून पिल्लू सापडलं की हात लावायचा नाही, एवढं आमच्याकडच्या पोरांना आता पाठ झालंय.

पक्षीवेडा_निफाड | रविवार, सकाळी ७:१०

रानजाई, तुमच्या लेकाचं मन जागच्या जागी आहे. त्याला रागावला नाहीत हे फार बरं केलंत. पण मिठू उडाला नाही हे त्या दिवशी त्याच्या नशिबानंच.

पिंजऱ्यात इतकी वर्षं काढलेल्या राघूच्या पंखांच्या स्नायूंत जोर उरत नाही. गुलमोहरापर्यंत पोचला असता, पुढे दमला असता. खायला काय आणि कुठे शोधायचं माहीत नाही. मांजर, कावळा, शिक्रा यांची भीती माहीत नाही. आणि जो थवा तुम्हाला किरकिरताना दिसला तो अनोळखी पक्ष्याला लगेच आपलं म्हणतो असंही नाही. दार उघडलं म्हणजे सुटका झाली हे फक्त आपल्या डोळ्यांना वाटतं.

सिडकोकर, "त्याचं घर तेच" हे मात्र मला पटत नाही. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. राघू असो, पहाडी पोपट असो की तोता, सगळेच त्यात आले. बाजारात मिळणारं प्रत्येक पिल्लू झाडाच्या ढोलीतून काढलेलं असतं. उन्हाळ्याच्या तोंडावर ढोल्या फोडून, पंख फुटायच्या आत काढतात, टोपल्यांत कोंबून आणतात. त्यातली किती वाटेत मरतात ते विकत घेणाऱ्याला दिसत नाही. आजींनी प्रेमानंच आणला असणार, शंका नाही. पण मिठूचीही कुठेतरी एक ढोली होती.

मार्ग असा. १९२६ हा वनखात्याचा हेल्पलाइन क्रमांक आहे. त्यावर सांगितलं की ते पक्षी ताब्यात घेतात, पशुवैद्यक बघतात, मोठ्या जाळीच्या खोलीत बाकीच्या राघूंबरोबर ठेवून उडायची सवय करवतात. ज्याला जमेल तो पुढे सुटतो. ज्याला जमत नाही तो निदान आपल्या जातीच्या पक्ष्यांत राहतो. मी ओळखीतल्या तिघांना असा पक्षी स्वतःहून जमा करायला मदत केलीय, एकालाही त्रास झाला नाही.

आणि या थंडीत लेकाला नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात घेऊन या. गोदावरी-कादवाच्या संगमावर आहे, २०२० साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. पहाटे हजारो बदकं एकदम उठतात तो आवाज त्यानं ऐकायलाच हवा. दुर्बीण मी देतो.

येवल्याची_लेक | रविवार, सकाळी ११:४५

मी फक्त शिंगांबद्दल लिहायला आलेय, कारण माझ्या मुलीनं हाच सिनेमा पाहून मला भंडावून सोडलं होतं.

एलियटला दुसऱ्या भागात भलीमोठी शिंगं आलेली असतात, तो त्यांच्यावर फार खूश असतो, आणि लग्नाआधी ती मोडतात. मग त्याला वाटतं आपण कुणीच नाही. मुलगी रात्री झोपेना. "आता त्याला परत कधीच येणार नाहीत का?"

खरं तर हरणाची शिंगं दरवर्षी गळतातच. एलियट म्यूल डिअर आहे, खेचरासारखे मोठे कान म्हणून ते नाव. त्याचीही गळतात, आपल्या चितळ-सांबराचीही गळतात. गळून गेली की नवी येतात. वाढताना त्यांच्यावर मऊ मखमली कातडी असते, आत रक्त वाहत असतं. वाढ पुरी झाली की हरीण झाडाला घासून ती कातडी काढून टाकतं. आपण मराठीत सगळ्यालाच शिंगं म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. काळविटाची शिंगं वेगळी. ती एकदा आली की जन्मभराची, मोडली तर मोडली.

हे मला आधी नीट माहीत नव्हतं. तिला घेऊन आमच्या येवला तालुक्यातल्या ममदापूरच्या राखीव रानात गेलो, काळवीट बघायला. तिथं सोबत आलेल्या वनमजुरानं समजावलं. एक नर अगदी जवळ, पन्नासेक फुटांवर होता. पाठ काळी कुळकुळीत, शिंगांना स्क्रूसारखे पीळ. मुलीनं मोठ्यानं पीळ मोजायला सुरुवात केली आणि तो एका उडीत बाभळीमागे. चारपर्यंतच मोजून झाले होते.

घरी येताना गाडीत म्हणाली, "म्हणजे एलियटला उगाच वाईट वाटलं. त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं." त्यानंतर झोपायचा प्रश्न आला नाही.

रानजाई | रविवार, रात्री ९:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. दारणाकाठ दादा, तुमची क्रेटची गोष्ट लेकाला झोपताना सांगितली. त्यानं तीनदा ऐकली. "दुसऱ्या पिल्लाला त्या चाळीस मिनिटांत भीती वाटली असेल का?" हा त्याचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पक्षीवेडा, तुमचं वाचून मी हादरले. हा कायदा मला ऐकून माहीत होता, पण शेजारच्या गॅलरीतल्या मिठूला तो लागू होतो हे कधी मनातच आलं नाही. आज सकाळी आजोबांकडे गेले होते. ते मिठूला डाळिंबाचे दाणे भरवत होते, एकेक दाणा चिमटीत धरून. मिठू दाणा घ्यायच्या आधी त्यांच्या नखाला चोच लावतो, मग दाणा घेतो. प्रत्येक वेळी. आजी त्याला "काय रे बाबा" म्हणायच्या. तो अजून तसंच म्हणतो, हुबेहूब त्यांच्या आवाजात. आजोबा म्हणाले, "दिवसातून चार वेळा ऐकतो मी तिला."

मग मी काही बोलू शकले नाही. चहा घेतला आणि परत आले.

सिडकोकर | रविवार, रात्री ९:४०

हेच मी म्हणत होतो. कायदा बरोबर आहे, पण एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरातला शेवटचा आवाज तुम्ही काढून घेणार? आणि पक्ष्याला तरी काय मिळणार, एका पिंजऱ्यातून दुसऱ्या मोठ्या पिंजऱ्यात. सिनेमातली पाळीव प्राण्यांची टोळी आठवा. त्यातल्या कुत्र्या-मांजरांचा आपल्या माणसांवर जीव आहे, तो काही खोटा नाही. फिफीही जन्मतः दुष्ट नाही. एका रात्री जंगली प्राण्यांशी गाठ पडून त्याला वाईट अनुभव आलेला असतो, म्हणून तो असा झालाय. दोन्ही बाजूंना आपापलं कारण आहे.

पक्षीवेडा_निफाड | रविवार, रात्री १०:३०

सिडकोकर, तुमच्या बोलण्यातली कळकळ समजते. आजोबांचं वाचून माझेही डोळे भरले. पण एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कुत्रा हजारो वर्षं माणसाजवळ राहून माणसाचा झालाय. वीनीला घर आवडू शकतं, रान आवडू शकतं, दोन्ही त्याला पेलतं. राघूचं तसं नाही. पिंजऱ्यातला राघूसुद्धा आतून रानातलाच असतो. त्याला थवा लागतो, रात्री शेकड्यांनी एका झाडावर बसायला लागतं, चोचीनं एकमेकांची पिसं साफ करायला लागतात. मिठू आजोबांच्या नखाला चोच लावतो ती तीच सवय आहे. दुसरा राघू नाही, म्हणून तो आजोबांना लावतो.

तो तारेवर पाच-सात मिनिटं बसला होता, हे विसरू नका. एक पाय पुढे टाकत होता.

राघू वीस-पंचवीस वर्षं जगतो. आजोबांचं वय बघता, त्यांच्यानंतर त्याचं काय, याचाही विचार आत्ताच हवा. तक्रार करून कुणाला पाठवू नका. आजोबांनी स्वतः ठरवलं तरच. मला त्यांच्याशी बोलायला आवडेल, शनिवारी नाशकात आहे.

पंचवटीचे_मास्तर | सोमवार, दुपारी ४:१५

उशिरा आलो. मी शाळेतून निवृत्त झालो, आता सुट्टीत मुलांना फोनवर ॲनिमेशन करायला शिकवतो. वर कुणीतरी दुसरा भाग थेट डीव्हीडीवर आला म्हणून त्याला कमी लेखलं, त्यावर दोन शब्द लिहावेसे वाटले. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. कुणीतरी त्या साळिंदराचे काटे, त्या खारीचं शेपूट चित्रागणिक बसवलेलं असतं. खर्च कमी असेल, मेहनत कमी नसते.

आणि आपल्या नाशिककरांना तर हे काम परकं नाही. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरी, १८७० साली, आणि गेले नाशकातच, १९४४ साली. 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला होता आणि त्याचा वेल होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं होतं. पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता वर चढला. पैसे घालणाऱ्याची खात्री पटली ती त्या वाटाण्यामुळे.

माझ्या वर्गात मागच्या मे महिन्यात एका मुलीनं द्राक्षाच्या घडातून एकेक मणी खाली उतरवून त्यांची दिंडी काढली. नऊ सेकंदांची फिल्म, दोन दुपारी गेल्या. तुमच्या मुलाला जरूर पाठवा. मिठूची गोष्ट त्याला स्वतःला करू दे. शेवट काय करायचा हे त्याच्यावर सोडा.

दारणाकाठ | सोमवार, रात्री ८:५०

मास्तरांचं पटलं. आमच्या वस्तीवरच्या पोरांसाठी असा वर्ग इकडं घेता का? जागा माझी, चहा-नाश्ता माझा.

ताई, मुलाला सांगा, दुसरं पिल्लू त्या चाळीस मिनिटांत ओरडत होतं, कॅमेऱ्यात आवाज होता. आई आल्यावर एकदम थांबलं.

सिडकोकर दादा, तुमच्यावर राग नाही. आमच्याकडंही दिवस मावळला की कुत्रं घरात घेतो आणि तरी एखाद्या रात्री ते जातंच. २०१९ ला तुमच्या शहरात सावरकरनगरात बिबट्या शिरला होता तेव्हा सगळे म्हणाले, तो आमच्यात आला. आमच्या म्हातारीचं म्हणणं वेगळं, ती म्हणते वाट त्याची होती, घरं नंतर झाली. मी दोन्ही ऐकून घेतो. शेळी माझी जाते, पिल्लू त्या मादीचं जातं.

रानजाई | पुढच्या रविवारी, रात्री ९:३०

कळवायचं राहिलं होतं.

बुधवारी आजोबा आपणहून आमच्याकडे आले आणि लेकाला म्हणाले, "तू बघितलास तो सिनेमा मला दाखव." दोघांनी मिळून दुसरा भाग पाहिला. लेक मध्ये मध्ये थांबवून समजावत होता, हा कोण, तो कोण. फिफी करंट बसणारे पट्टे वापरायला निघतो तिथं आजोबा पुटपुटले, "अरे, असं नसतं करायचं." लेक त्यांच्या मांडीवर हात ठेवून बसला होता.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "मिठू त्या दिवशी खरंच दारात बसला होता का रे?" लेकानं उठून करून दाखवलं. सोफ्याच्या हातावर बसला, मान वाकडी केली, पाय पुढे टाकला, मागे घेतला. आजोबा बराच वेळ बघत राहिले.

काल पक्षीवेडा दादा आले होते. तासभर बसले. कायद्याचा शब्दही काढला नाही, फक्त मिठूला बघितलं, त्याच्या पायाची नखं वाढलीत ते दाखवलं आणि राघू रानात काय काय खातात ते सांगितलं. निघताना आजोबांनीच क्रमांक मागितला आणि आमच्यासमोरच फोन लावला. "आमच्याकडे एक राघू आहे. त्याला त्याच्या लोकांत पाठवायचाय," एवढंच बोलले.

त्याआधी मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे लेकानं फोनवर मिठूचा आवाज भरून घेतलाय. "काय रे बाबा" सात वेळा. आजोबांना अजून सांगितलेलं नाही, त्याला ती फिल्म पूर्ण करून द्यायचीय.

उद्या सकाळी दहाला ते लोक येणार आहेत. मघाशी आजोबा जिन्यात भेटले, भाजीची पिशवी घेऊन चढत होते. पिशवीत पेरू, डाळिंब आणि कागदात बांधलेल्या हिरव्या मिरच्या होत्या.